शस्त्रं मित्राला, समजूत आपल्याच लोकांची

युक्रेनला मिळालेल्या पाश्चात्त्य शस्त्रमदतीवर गेल्या महिन्यात लिहिलं, तेव्हा म्हटलं होतं की दुसऱ्या देशाला तोफा देणं एक वेळ सोपं, पण त्या का दिल्या हे आपल्या करदात्याच्या गळी उतरवणं अवघड. त्यावर बरीच पत्रं आली. बहुतेकांचा रोख एकच: सरकार हे पटवतं कसं, आणि त्यात माहिती किती, प्रचार किती? निवडक प्रश्न घेतो आहे. उत्तरांत दुसऱ्या महायुद्धातली अमेरिका वारंवार येईल, कारण आज वापरल्या जाणाऱ्या जवळजवळ सगळ्या युक्त्या तिथेच घडल्या.

प्रश्न: अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी सांगितलेली बागेतल्या पाण्याच्या नळीची गोष्ट अनेकदा वाचली आहे. एवढ्या एका दृष्टान्तावर अमेरिका ब्रिटनला शस्त्रं द्यायला तयार झाली, हे खरं मानायचं का? (सोलापूर)

नाही. गोष्ट झकास होती, पण तिच्या आधी आणि नंतर बरंच काही घडलं.

आधी अडचण काय होती ते बघा. १९४० च्या अखेरीस ब्रिटनच्या तिजोरीतले डॉलर संपत आले होते. अमेरिकेच्या तटस्थतेच्या कायद्याप्रमाणे लढणाऱ्या देशाने रोख मोजायची आणि माल आपल्याच जहाजांतून न्यायचा. उधारी म्हणाल, तर पहिल्या महायुद्धाचं कर्ज थकवणाऱ्याला नवं कर्ज देऊ नये असा १९३४ चा जॉन्सन कायदा आडवा येत होता. म्हणजे विकत देता येत नाही, कर्जाऊही देता येत नाही. त्यात रूझवेल्ट ५ नोव्हेंबरला तिसऱ्यांदा निवडून आलेले. त्याआधी आठवडाभर, ३० ऑक्टोबरला, बोस्टनच्या सभेत त्यांनी आईबापांना शब्द दिला होता की तुमची मुलं परक्यांच्या युद्धात पाठवली जाणार नाहीत. डिसेंबरात ते ‘टस्कलूसा’ या युद्धनौकेवरून कॅरिबियन समुद्रात विश्रांतीला गेले असताना चर्चिल यांचं लांबलचक पत्र त्यांच्या हाती पडलं. मजकुराचा अर्थ एवढाच, की रोख मोजता येणार नाही अशी वेळ जवळ आली आहे.

परतल्यावर १७ डिसेंबरला त्यांनी पत्रकार परिषद घेतली. मला तो हिशेबी डॉलर मधून काढून टाकायचा आहे, असं म्हणत त्यांनी गोष्ट सांगितली. शेजाऱ्याच्या घराला आग लागली आहे आणि माझ्याकडे चार-पाचशे फुटांवर बागेची नळी आहे. ती त्याच्या नळाला जोडली तर आग विझेल. अशा वेळी मी ‘नळी १५ डॉलरची आहे, आधी पैसे ठेव’ असं म्हणेन का? मला १५ डॉलर नकोत, आग विझल्यावर नळी परत हवी. आणि फाटलीच, तर त्याने तशीच दुसरी आणून द्यावी.

आता यातली कसरत बघा. पहिल्या युद्धानंतर ‘कर्ज’ म्हटलं की अमेरिकन माणसाचं टाळकं सटकत असे, म्हणून कर्ज गायब. ‘दान’ म्हटलं तर काँग्रेस, म्हणजे तिथली संसद, खवळली असती, म्हणून दानही गायब. उरली ती शेजारधर्माची उसनवारी. पण रणगाडा काही नळीसारखा धुऊनपुसून परत येत नाही. सिनेटर रॉबर्ट टाफ्ट यांनी नेमकं यावरच बोट ठेवलं: युद्धसामग्री उसनी देणं म्हणजे च्युइंगगम उसना देण्यासारखं आहे, परत कोणाला हवा असतो? माझ्या मते त्या वादातलं सगळ्यात प्रामाणिक वाक्य टाफ्ट यांचं होतं. पुढे जो कायदा झाला, ‘लेंड-लीज’ म्हणजे उसनवार-भाडेपट्टा या नावाने ओळखला गेलेला, त्यात लिहिलं होतं की परतफेड पैशाने, वस्तूने किंवा राष्ट्राध्यक्षांना समाधानकारक वाटेल अशा कुठल्याही प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष लाभाने व्हावी. म्हणजे परत काय यायचं ते राष्ट्राध्यक्षच ठरवणार.

२९ डिसेंबरला रेडिओवरचं भाषण झालं. त्याच रात्री लंडनवर आगलावे बॉम्ब पडत होते. ‘लोकशाहीचं शस्त्रागार’ हे शब्द त्या भाषणातले. ते मूळ फ्रेंच मुत्सद्दी जाँ मोने यांच्या तोंडून निघाले होते आणि राष्ट्राध्यक्षांना वापरता यावेत म्हणून त्यांना गप्प राहायला सांगण्यात आलं, असं सांगतात.

मग दोन महिने काँग्रेसमध्ये रणकंदन झालं. सिनेटर बर्टन व्हीलर म्हणाले, हा कायदा म्हणजे दर चौथ्या अमेरिकन मुलाला नांगराखाली घालणं आहे. शेतमालाचे भाव सावरण्यासाठी रूझवेल्ट सरकारने उभं पीक नांगरून टाकायला लावलं होतं, त्यावरचा हा टोमणा. रूझवेल्ट इतके चिडले, की आपल्या पिढीत सार्वजनिक आयुष्यात याहून सडकं काही बोललं गेलेलं नाही असं त्यांनी पत्रकारांना सांगितलं आणि हे खुशाल छापा म्हणाले. विमानवीर चार्ल्स लिंडबर्ग समितीपुढे येऊन विरोधात साक्ष देऊन गेले. शेवटी प्रतिनिधिगृहात २६० विरुद्ध १६५ आणि सिनेटमध्ये ६० विरुद्ध ३१ मतांनी विधेयक पार पडलं. ११ मार्च १९४१ ला सही झाली आणि त्याच महिन्यात ७ अब्ज डॉलर मंजूर झाले.

गॅलपच्या तेव्हाच्या जनमत चाचण्या पाहिल्या तर लोकांचा कल आधीच दिसतो: ब्रिटनला मदत करा, पण आपण युद्धात पडू नका. रूझवेल्ट यांनी हे मत बदललं नाही. त्या मतात बसेल अशा आकाराचं धोरण त्यांनी शिवून दिलं. सरकारी प्रचाराने लोकांची मनं फिरतात, या समजुतीवर माझा फारसा विश्वास नाही तो यामुळेच.

प्रश्न: त्या विधेयकाचा क्रमांक १७७६ होता म्हणे. योगायोग? (छत्रपती संभाजीनगर)

मुळीच नाही. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचं साल मुद्दाम दिलं गेलं. विधेयक मांडणारे जॉन मॅकॉर्मॅक हे बोस्टनचे. त्यांचे आयरिश वंशाचे मतदार ब्रिटनच्या नावाने बोटं मोडणारे, तेव्हा विधेयकाला आपलं नाव चिकटण्यापेक्षा क्रमांक चिकटलेला त्यांना बरा. नावही बघण्यासारखं आहे: ‘अमेरिकेच्या संरक्षणाला चालना देणारा कायदा’. मदत ब्रिटनला, आणि शीर्षकात ब्रिटनचा पत्ता नाही.

प्रश्न: मी पत्रकारितेची विद्यार्थिनी आहे. हा सगळा प्रचार कुठलं सरकारी खातं चालवत होतं? आणि सरकारी माहिती व खासगी मोहीम यांतली रेघ कुठे आखायची? (पुणे)

१९४१ च्या सुरुवातीला असं एकही दणकट खातं नव्हतं, आणि ते नसण्यामागे कारण आहे. १९१७ साली पत्रकार जॉर्ज क्रील यांच्या हाताखाली सार्वजनिक माहिती समिती नेमली गेली होती. तिने हजारो वक्ते सिनेमागृहांत उभे केले. रीळ बदलण्याच्या वेळात चार मिनिटं बोलायचं, म्हणून त्यांना ‘चार मिनिटवाले’ म्हणत. युद्ध संपल्यावर लोकांना आपण फसवले गेलो असं वाटू लागलं आणि ‘प्रचार’ हा शब्दच बदनाम झाला. रूझवेल्ट त्या काळात नौदल खात्यात होते. त्यांनी हे जवळून पाहिलेलं होतं, म्हणून पुन्हा क्रील उभा करायला ते राजी नव्हते.

मग काम झालं ते दोन वाटांनी. एक, राष्ट्राध्यक्ष स्वतः. दुसरी, खासगी समित्या. कॅन्ससमधले संपादक विल्यम ॲलन व्हाइट यांनी मे १९४० मध्ये ‘मित्रराष्ट्रांना मदत करून अमेरिकेचं रक्षण करा’ अशा अर्थाच्या नावाची समिती काढली. ती सरकारी नव्हती, पण व्हाइट आणि व्हाइट हाउस यांच्यात येणंजाणं होतं. सरकारला उघड म्हणता येत नव्हतं ते समिती म्हणे. विरोधात ‘अमेरिका फर्स्ट’ समिती होती, तिचे सभासद आठ लाखांच्या घरात. तुमच्या प्रश्नातली रेघ इथेच पुसट होते. पैसा सरकारी नाही, पण सूर सरकारशी जुळवून घेतलेला.

तिसरा हात ब्रिटिशांचा. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमध्ये विल्यम स्टीफनसन यांची गुप्त कचेरी होती, आणि अमेरिकन वृत्तपत्रांत ब्रिटनच्या सोयीचा मजकूर पेरणं हा तिच्या कामाचा भाग होता. ऑक्टोबर १९४१ मध्ये रूझवेल्ट यांनी भाषणात सांगितलं, की दक्षिण अमेरिकेची नव्याने वाटणी दाखवणारा जर्मनांचा गुप्त नकाशा माझ्याकडे आहे. तो नकाशा याच कचेरीने बनवलेला होता, असं आज बहुतेक इतिहासकार मानतात. रूझवेल्ट यांना ते ठाऊक होतं का, यावर एकमत नाही.

खाती आली ती उशिरा. ऑक्टोबर १९४१ मध्ये कवी आर्चिबाल्ड मॅक्लीश यांच्याकडे तथ्यं आणि आकडे यांचं कार्यालय आलं. जून १९४२ मध्ये ते युद्ध माहिती कार्यालयात विलीन झालं आणि रेडिओवरचे एल्मर डेव्हिस त्याचे प्रमुख झाले. हे कार्यालय रूझवेल्ट यांच्या पुढच्या निवडणुकीची तयारी करतंय, असा संशय घेऊन काँग्रेसने १९४३ मध्ये त्याच्या देशांतर्गत शाखेचा निधी जवळजवळ कापूनच टाकला. युद्ध ऐन भरात असताना!

परीक्षेला उपयोगी पडेल म्हणून एवढं टिपून ठेवा: अमेरिकी खात्यांनी ‘प्रसिद्धीतज्ज्ञ’ नेमू नयेत असा नियम १९१३ पासून आहे. काँग्रेसने मंजूर न केलेल्या ‘प्रसिद्धी किंवा प्रचारा’वर पैसा खर्चू नये, ही अट १९५१ पासून खर्चाच्या कायद्यांत घातली जाते. १९४८ च्या स्मिथ-मंट कायद्याने परदेशात अमेरिकेची बाजू मांडायला मुभा दिली, पण तोच मजकूर देशात ऐकवण्यावर पुढे, विशेषतः १९७२ नंतर, कडक बंदी आली. २०१३ मध्ये ती सैल झाली. पळवाटा अर्थातच निघतात. खातं ‘प्रचार’ करत नाही, ‘वस्तुस्थिती-पत्रक’ काढतं.

आणि रेघ आखायचीच असेल, तर मी ती खासगी-सरकारी अशी आखणार नाही. लेंड-लीज कायद्यातच एक कलम होतं, की निदान दर ९० दिवसांनी काँग्रेसला अहवाल द्यायचा. कोणाला किती माल गेला, कारखान्यांना किती पैसे मिळाले, हे त्या अहवालांत छापून येई. लष्करी गुपितं वगळलेली असत, तरी आकडे तपासता येत. नळी हा प्रचार होता, ९० दिवसांचा अहवाल ही माहिती. कुठल्याही मदत-मोहिमेपुढे मी पहिला प्रश्न हाच विचारतो: बोलायची सक्ती कोणी केली आहे का, की सरकार आपल्या सोयीने बोलतंय?

प्रश्न: ज्यांना मदत मिळायची त्यांच्या जनतेला ती कोणाकडून आली हे कळत होतं का? सोव्हिएत रशियात तरी कळत नसावं. (नाशिक)

अंदाज बरोबर आहे, आणि त्यावरून मोठा तमाशाही झाला. ८ मार्च १९४३ ला मॉस्कोतले अमेरिकी राजदूत ॲडमिरल विल्यम स्टँडली यांनी पत्रकारांना बोलावून सांगितलं, की रशियन लोकांना आमच्या मदतीची माहिती दिली जात नाही, जणू सगळं आपल्याच बळावर चाललंय असं भासवलं जातं. नेमकं त्याच आठवड्यात वॉशिंग्टनमध्ये लेंड-लीजला मुदतवाढ द्यायची चर्चा चालू होती. राजदूतांनी घरचं भांडण चव्हाट्यावर आणल्यामुळे परराष्ट्र खात्याची पळापळ झाली. पण परिणाम झाला. काही दिवसांतच सोव्हिएत वृत्तपत्रांत अमेरिकी मदतीचे आकडे छापून आले.

सैनिकांना मात्र सांगावं लागत नव्हतं. स्टुडबेकर ट्रक डोळ्यांसमोर होते, आणि डबाबंद मांसाचा डबा उघडताना ते म्हणत, ‘चला, दुसरी आघाडी उघडू’. फ्रान्समध्ये दुसरी आघाडी उघडायला उशीर लावणाऱ्या मित्रराष्ट्रांना मारलेली ही कोपरखळी. नोव्हेंबर १९४३ मध्ये तेहरानला जेवणाच्या टेबलावर स्टालिन यांनी कबूल केलं, की लेंड-लीजची यंत्रं नसती तर आपण हे युद्ध हरलो असतो. बंद दाराआडची ती कबुली. पुढे शीतयुद्धात हीच मदत सोव्हिएत इतिहासाच्या पुस्तकांत पुन्हा अंग चोरून बसली.

प्रश्न: या सगळ्यात आपण कुठे होतो? मुंबईत त्या वेळी अमेरिकन माल उतरत असणारच. (मुंबई, माझगाव)

उतरत होता, आणि माझगावच्या वाचकाने विचारावं हे बरंच झालं. लेंड-लीजची मदत भारतापर्यंत ब्रिटनमार्फत येई. आपल्याला कोणी विचारलेलं नव्हतं. जानेवारी १९४१ च्या ज्या भाषणात रूझवेल्ट यांनी मदतीचा कायदा मागितला, त्यातच त्यांनी ‘चार स्वातंत्र्यं’ मांडली. ऑगस्टमध्ये रूझवेल्ट आणि चर्चिल यांची अटलांटिक सनद आली, सर्व लोकांना आपलं सरकार निवडण्याचा हक्क म्हणणारी. ९ सप्टेंबरला चर्चिल यांनी पार्लमेंटमध्ये सांगून टाकलं, की हे नाझींच्या टाचेखालच्या युरोपपुरतं, भारताला लागू नाही. अमेरिकन पत्रकं भारतात वाचणाऱ्यांच्या मनात काय येत असेल, ते सांगायला नको. ८ ऑगस्ट १९४२ ला गवालिया टँकवर ‘चले जाव’चा ठराव झाला. त्यानंतर काही दिवसांत वॉशिंग्टनने जाहीर केलं, की भारतातलं अमेरिकन सैन्य शत्रूशी लढायला आहे, इथल्या अंतर्गत बाबींत ते पडणार नाही. तेही एक प्रसिद्धीपत्रकच, फक्त या खेपेला श्रोते आपण होतो.

आणि मग १४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ उभं होतं. हे जहाज लेंड-लीजच्या व्यवस्थेतून कॅनडात प्रिन्स रूपर्ट इथे बांधलेलं. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं, शेजारी कापसाच्या गासड्या, वर सोन्याच्या विटा. कापसाने पेट घेतला. दुपारी चारनंतर पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आत दुसरा, आणि गोदीलगतच्या वस्त्या जळाल्या. शेकडो माणसं गेली, त्यांत आग विझवायला धावलेले अग्निशमन दलाचे जवानही होते. त्यांच्या स्मरणार्थ आजही १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात.

आता माहितीची बाजू बघा. मुंबईभर हादरे बसले, आकाशात धूर दिसला, घरांवर गासड्यांचे जळते तुकडे पडले. पण बातमी जगाला दिली ती जपानच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने, दुसऱ्याच दिवशी. ब्रिटिश-भारतीय सेन्सॉरने वार्ताहरांना सविस्तर बातमी बाहेर पाठवायला परवानगी दिली ती मे महिना उजाडल्यावर. मदतीचे टनावारी आकडे अभिमानाने छापले जात, पण तीच मदत गोदीत फुटली तेव्हा सरकारची वाचा बसली. लपवून साधलं काय? मुंबईकरांना सगळं दिसत होतं आणि शत्रूला दुसऱ्या दिवशी कळलं होतं.

जाता जाता एक गंमत. लेंड-लीजखाली भारताला नाण्यांसाठी २२ कोटी औंसांहून जास्त चांदी मिळाली, औंसाला औंस परत करायच्या बोलीवर. बाकी जगाला दिलेलं ५० अब्ज डॉलरचं सामान बहुतांशी वापरून संपलं किंवा बुडलं. चांदी मात्र परत गेली. रूझवेल्ट यांची नळी खरोखर परत करणाऱ्यांत आपण होतो!

प्रश्न: १९५४ मध्ये अमेरिकेने पाकिस्तानला शस्त्रं देताना भारताला काय सांगितलं होतं? (नागपूर)

पटवायचं होतं तिसऱ्याच देशाला, म्हणून हा प्रकार वेगळा. फेब्रुवारी १९५४ मध्ये आयझेनहॉवर यांनी नेहरूंना पत्र लिहून कळवलं, की ही मदत भारताविरुद्ध नाही. पाकिस्तानसह कोणीही तिचा आक्रमणासाठी गैरवापर केला तर तो रोखण्यासाठी मी तातडीने योग्य पावलं उचलीन. सोबत भारतालाही मदत देऊ केली. नेहरूंनी ती घेतली नाही. सप्टेंबर १९६५ मध्ये पाकिस्तानचे अमेरिकी पॅटन रणगाडे खेमकरणजवळ असल उत्तरपर्यंत आले आणि तिथल्या उसाच्या, चिखलाच्या शेतांत मोडून पडले. आश्वासन देणारं सरकार तोवर बदललं होतं. अमेरिकेने केलं ते एवढंच, की दोन्ही देशांची शस्त्रमदत थांबवली. म्हणजे वाटाण्याच्या अक्षता. पकडलेला पॅटन बघायचा असेल तर अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात जा.

प्रश्न: युक्रेनला ‘इतके अब्ज डॉलर’ दिले असं रोज वाचतो. हे आकडे खरे असतात का? (कोल्हापूर)

खरे असतात, पण ते कसले आहेत हे विचारलं पाहिजे. २०२३ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने सांगितलं, की युक्रेनला दिलेल्या मालाची किंमत आपण ६.२ अब्ज डॉलरने जास्त धरली होती. कोठारातला जुना माल दिला आणि किंमत लावली ती त्याच्या जागी नवा घ्यायला येणाऱ्या खर्चाची. कागदावर दुरुस्ती झाली, आणि तेवढ्या रकमेचा माल आणखी पाठवायची मुभा मिळाली. एक गोळाही जास्त न बनवता ६ अब्ज मोकळे झाले.

दुसरं, बराच पैसा युक्रेनला जातच नाही. कोठारातला माल तिकडे, आणि भरपाईचा पैसा अमेरिकी कारखान्यांना. सुरुवातीला वॉशिंग्टन ‘लोकशाहीचं रक्षण’ असं म्हणत होतं. काँग्रेसमध्ये विरोध वाढला, तशी भाषा बदलली. ऑक्टोबर २०२३ मध्ये बायडेन यांनी ओव्हल ऑफिसमधून भाषण केलं. पॅट्रियट क्षेपणास्त्रं ॲरिझोनात बनतात, तोफगोळे पेनसिल्व्हेनिया, ओहायो, टेक्सससह १२ राज्यांत बनतात, असं त्यांनी मोजून सांगितलं. भाषणात ‘लोकशाहीचं शस्त्रागार’ही होतंच. खासदारांना त्यांच्या त्यांच्या राज्यात किती पैसा येतो ते दाखवणारी माहितीही पुरवली गेली. एप्रिल २०२४ मध्ये रखडलेला कायदा पार पडला, त्यात युक्रेनसाठी सुमारे ६१ अब्ज होते. याला कोणी लबाडी म्हणेल. मी म्हणणार नाही, कारण कारखान्यांचा मुद्दा तपासता येतो, आणि खरा कोणाचा फायदा आहे हे तो लपवत नाही.

जर्मनीचं उदाहरण याहून बोलकं आहे. जानेवारी २०२२ मध्ये ५,००० हेल्मेटं देऊ केल्याबद्दल त्यांची जगभर टर उडाली. जून २०२२ मध्ये सरकारने दिलेल्या शस्त्रांची यादीच संकेतस्थळावर टाकली आणि तीन वर्षं ती वाढवत नेली. मे २०२५ मध्ये मेर्त्स यांच्या सरकारने तपशील देणं थांबवलं. रशियाला अंदाज येऊ नये, हे कारण. त्यात तथ्य आहे. अमेरिकेनेही २०२४ मध्ये लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रं आधी गुपचूप दिली, वापरल्यावर सांगितलं. पण शत्रूपासून लपवलेली यादी जर्मन करदात्यापासूनही आपोआप लपते. संसदेच्या समितीला बंद खोलीत सांगणं हा मधला मार्ग आहे, आणि त्याच्यावरही वाद आहेतच.

प्रश्न: भारतही मित्रदेशांना लष्करी सामान देतो. आपल्याला कोण पटवतं? (रत्नागिरी)

कोणी नाही, कारण विरोधात कोणी उभंच राहत नाही. जुलै २०२३ मध्ये ‘आयएनएस कृपाण’ ही ३२ वर्षं सेवा केलेली, शस्त्रांसह चालू स्थितीतली युद्धनौका व्हिएतनामला कॅम रान इथे भेट दिली. मालदीवला हेलिकॉप्टरं आणि डॉर्नियर विमान, सेशेल्सला डॉर्नियर, म्यानमारला २०२० मध्ये ‘सिंधुवीर’ पाणबुडी. पत्र सूचना कार्यालयाचं पत्रक येतं, ध्वज उतरवतानाचं छायाचित्र येतं, मैत्रीवर दोन परिच्छेद येतात. किंमत, दुरुस्तीचा खर्च कोणाचा, उद्या तिथलं सरकार बदललं तर काय, हे त्यात नसतं. म्यानमारमध्ये पाणबुडी गेली त्यानंतर काही महिन्यांतच, फेब्रुवारी २०२१ मध्ये, लष्कराने सत्ता घेतली. मालदीवमध्ये २०२३ मध्ये निवडून आलेल्या सरकारने त्याच हेलिकॉप्टर-विमानांपाशी असलेले आपले जवान माघारी पाठवायला लावले, आणि २०२४ मध्ये त्यांच्या जागी आपल्याला बिगरलष्करी तंत्रज्ञ पाठवावे लागले. या दोन्ही वेळी हे देणं योग्य होतं का, अशी चर्चा आपल्याकडे मदत देताना झाली नव्हती. ९० दिवसांच्या अहवालाचं कलम आपल्याकडे नाही. ते असावं असं तुमच्या खासदारांना पत्राने कळवायला मात्र हरकत नाही.